तीन वेळा टाइप केलेली नोटीस

त्या दुपारी मी एकच नोटीस तीन वेळा टाइप केली आणि तिन्ही वेळा ती निरुपयोगी होती. टायपिंगची चूक एकही नव्हती. माझ्या हातून सहसा चुका होत नसत, म्हणून तर कॉलेजच्या ऑफिसात मला घेतलं होतं. आज एवढी वर्षं झाली तरी त्या नोटिशीची आठवण आली की मला संताप येतो. इतरांचा येतो, तसा स्वतःचाही येतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती. वडील अमरावतीत भिक्षुकी करत. मी मॅट्रिकनंतर टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि गावाबाहेरच्या एका कॉलेजात टायपिस्ट म्हणून लागले. जागा हंगामी होती. ऑफिसात मी एकटीच बाई. बाकी सगळे पुरुष, आणि त्या सगळ्यांच्या वर बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क. बाई म्हणून माझं टेबल कोपऱ्यात, खिडकीपाशी लावलं होतं. त्या खिडकीतून पोहऱ्याकडच्या टेकड्या दिसत.

कॉलेजचा पसारा मोठा होता. पुढे मुख्य इमारत, तिच्या मागे खेळाचं मैदान, मग विहीर, आणि सगळ्यात शेवटी, टेकडीच्या पायथ्याला टेकलेलं मुलींचं वसतिगृह. जुना कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, बंगला होता तो. तिथे वीस-बावीस मुली राहत. बंगल्याच्या मागे स्वयंपाकघर, त्याला लागून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, आणि लाकडांचा ढीग, आणि त्यापुढे तारेच्या कुंपणापासून थेट टेकडीवर चढत गेलेलं कमरेएवढं वाळलेलं गवत.

घंटा वाजवायला एक वयस्कर शिपाई होते. टेकडीखालच्याच गावचे, शेतकरी घरातले. सगळे त्यांना बाबा म्हणत. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा व्हरांड्यात टांगलेला आणि त्याच्यावर मारायला लोखंडी हातोडी. तिचा आवाज वाऱ्याच्या दिशेनं मैलभर जाई. बाबांनी माघ महिन्यात माझ्याकडून एक अर्ज लिहवून घेतला होता. वसतिगृहामागचं गवत कापून किंवा आपल्या देखरेखीत जाळून वीस पावलांचा मोकळा पट्टा करावा, कारण चैत्र-वैशाखात टेकडीवर आग लागतेच, एवढंच त्यात होतं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, कोणी बिडी टाकतं, काहीतरी होतंच, असं ते म्हणाले. बडेबाबूंनी तो अर्ज वाचला आणि हे शिपायाचं काम नाही असं म्हणून फाइलला लावायला माझ्याकडे दिला. मी लावला.

चैत्र संपत आला होता. विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होत्या. प्राचार्य संस्थेच्या बैठकीसाठी अकोल्याला गेले होते आणि कारभार उपप्राचार्यांकडे होता. ते इंग्रजी शिकवत. स्वच्छ पांढरा कोट, हळू बोलणं, आणि कागदाबद्दल अतिशय कडक. त्या दिवशी अकराला पेपर सुरू झाला आणि बाराच्या आधीच टेकडीच्या वरच्या अंगाला धूर दिसू लागला. धुराचं कोणाला काही वाटलं नाही. त्या दिवसांत रोजच कुठे ना कुठे धूर दिसे. मीही खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

साडेबाराच्या सुमारास बाबा ऑफिसच्या दारात आले. ते कधी घाईनं बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत.

“बाई, वारं फिरलं. आग खाली येऊन राहिली. पोरीयले सांगा लागते.”

मी त्यांना उपप्राचार्यांकडे घेऊन गेले. ते प्राचार्यांच्या खोलीत बसले होते, कारण फोन तिथेच होता. संबंध कॉलेजात तो एकच फोन. बाबांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले की बंबाला फोन करावा आणि आपल्याला घंटा वाजवू द्यावी. उपप्राचार्यांनी खिडकीचा पडदा बाजूला करून टेकडीकडे पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला आणि अकोल्याला अर्जंट ट्रंककॉल लावायला सांगितला. प्राचार्यांना विचारल्याशिवाय परीक्षाकेंद्रात बंब बोलावणं त्यांना योग्य वाटत नव्हतं. कॉल लागायला वेळ लागेल असं एक्स्चेंजनं सांगितलं. बडेबाबू म्हणाले, तोवर बंबाला कळवून घेऊ. त्यावर उपप्राचार्यांनी सांगितलं की लाइन मोकळी ठेवा, मध्येच अकोल्याचा कॉल आला तर तो चुकायला नको.

म्हणजे डोंगर पेटलेला आणि समोर फोन, पण आग विझवणाऱ्यांना कळवायचं सोडून त्या फोनवर अकोल्याची वाट पाहिली जात होती. हे मी स्वतः उभी राहून ऐकलं. घंटेबद्दल ते म्हणाले की परीक्षेच्या काळात ठरल्या वेळेखेरीज घंटा वाजली तर मुलं वेळ संपली समजतील आणि विद्यापीठ केंद्र काढून घेईल. आपण रीतसर नोटीस काढू. बाई, मशीनवर बसा.

ते इंग्रजीत सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. पहिल्या नोटिशीत टेकडीवर आग लागली असून वसतिगृहातील विद्यार्थिनींनी सावध राहावे असं होतं. त्यांनी ती वाचली आणि ‘फायर’ या शब्दाखाली रेघ मारली. या शब्दानं घबराट होईल. मी दुसरा कागद घातला. या वेळी टेकडीवर धूर दिसत असला तरी काळजीचे कारण नाही असं आलं. ती टाइप होत होती तेव्हा बाबा पुन्हा दारात आले. आग मधल्या नाल्यापर्यंत उतरली होती. त्यांनी विचारलं, मी तरी जाऊन सांगून येऊ का? पण नियम असा होता की पुरुष शिपायानं वसतिगृहाच्या फाटकाच्या आत जायचं नाही आणि मुलींसाठीची कोणतीही सूचना लेडी सुपरिंटेंडेंटच्या सहीनेच जायची. त्या बाई त्या दिवशी दुसऱ्या एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेल्या होत्या. बडेबाबूंनी नियमाची आठवण करून दिली. बाबा परत गेले.

मग मी धीर करून म्हटलं, “सर, मी बाई आहे. मी जाऊन येते. पाच मिनिटांचं काम आहे.”

“बाई, आधी नोटीस पुरी करा,” ते म्हणाले. “तोंडी निरोपाला काही अर्थ नसतो.”

आणि मी बसले. हे मला लिहायलाच हवं. संबंध कॉलेजात त्या फाटकाच्या आत बिनदिक्कत जाऊ शकणारी त्या क्षणी मी एकटी होते, आणि मी पुन्हा खुर्चीवर बसून मशीनला तिसरा कागद लावला. जागा हंगामी आहे, हा विचार माझ्या मनात आला होता. दुसरं कारण शोधून मला सापडत नाही.

तिसरी नोटीस अशी झाली: परिसरातील काही नैसर्गिक परिस्थितीमुळे सर्व विद्यार्थी व विद्यार्थिनींनी पुढील सूचना मिळेपर्यंत आपापल्या जागी राहावे. आपापल्या जागी. मुलींची जागा होती टेकडीला पाठ लावून असलेला तो बंगला. दुपारची झळ लागू नये म्हणून त्यांनी जेवणानंतर दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. ज्यांचे पेपर दुसऱ्या दिवशी होते त्या वाचत होत्या किंवा झोपल्या होत्या. मागच्या खोलीत एक मुलगी कांजिण्यांनी आजारी होती, तिला वेगळं ठेवलं होतं. ही नोटीस वेळेवर पोचली असती तर त्या तिथेच थांबल्या असत्या, एवढाच तिचा उपयोग होता.

उपप्राचार्य सहीसाठी पेन उघडत होते तेव्हा घंटा सुरू झाली.

अशी घंटा मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. टोल मोजून नव्हते, एकामागून एक, न थांबता. उपप्राचार्य उठून व्हरांड्यात गेले. मी त्यांच्या मागे गेले. बाबा दोन्ही हातांनी हातोडी धरून रुळावर मारत होते. उपप्राचार्यांनी त्यांना थांबायला सांगितलं, दोनदा सांगितलं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मारत राहिले. परीक्षेच्या हॉलमधून मुलं बाहेर आली. आधी कोणाला काही कळेना, मग सगळ्यांनी टेकडीकडे पाहिलं. हॉलवर देखरेखीला असलेले संस्कृतचे प्राध्यापक धोतर खोचून सायकलीवर बसले आणि शहरातल्या राजापेठेकडे निघाले. तिथल्या एका दवाखान्यात फोन होता. बंबाला फोन अखेर तिथून गेला, आमच्याकडून नाही.

मी पळत सुटले. मैदान ओलांडताना राखेचे काळे तुकडे अंगावर पडत होते. वसतिगृहाच्या फाटकाशी पोचले तोवर मुली बाहेर येत होत्या. घंटा ऐकून त्यांनी दारं उघडली होती आणि मागचं कुंपण पेटलेलं पाहिलं होतं. शेंदूरजनाघाटची एक मुलगी होती, संत्र्याच्या बागाईतदार घरातली, उंच आणि आवाजानं मोठी. ती एकेका खोलीवर हात मारून मुलींना बाहेर काढत होती. मी तिला आजारी मुलीचं विचारलं. ती म्हणाली, मावशी गेल्या तिकडं.

मावशी म्हणजे तिथल्या स्वयंपाकीण बाई. तोवर पऱ्हाट्यांच्या ढिगानं पेट घेतला होता आणि आजाऱ्याच्या खोलीचं दार त्या ढिगाच्या बाजूला उघडत होतं. वाऱ्यानं उघडू नये म्हणून बाहेरून लावलेली त्याची लोखंडी कडी हात लावू नये इतकी तापली होती. त्यांनी ती उघड्या हातांनी काढली. दोघी तिघींनी मिळून आजारी मुलीला खाटेसकट उचललं आणि बंगल्याला वळसा घालून पुढच्या फाटकाशी आणलं. मी खाटेचा एक पाय धरला होता. माझ्या हातून त्या दिवशी झालेलं उपयोगाचं काम तेवढंच.

नंतरचं सगळ्यांनी मिळून केलं. मुलांनी कडूनिंबाच्या आणि पळसाच्या ओल्या फांद्या तोडल्या आणि गवत झोडपायला लागले. खालच्या गावातली बायामाणसं घंटा ऐकून घागरी, पोती घेऊन आली. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कुठे झोडपायचं आणि कुठे उलटी आग लावून मोकळी जागा करायची, हे त्यांनाच कळत होतं, आणि बी.एस्सी.ची मुलं ते सांगतील तसं करत होती. विहिरीपासून रांग लागली. बंब आला तेव्हा स्वयंपाकघर आणि मागच्या दोन खोल्यांचं छप्पर गेलं होतं, पण बंगला वाचला होता. जीव कोणाचाही गेला नाही. घंटा वाजवून झाल्यावर बाबा पोतं ओलं करून त्या रांगेतच उभे होते. सगळं थंडावल्यावर मी ऑफिसात आले. टेबलावर ती तिसरी नोटीस सही होऊन पडली होती. त्या गडबडीत उपप्राचार्यांनी सही पूर्ण केली होती, आणि त्यानंतर अकोल्याचा कॉलही लागला होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य परतले. विद्यापीठाला आणि संस्थेला पाठवायचा अहवाल मीच टाइप केला. आगीची चाहूल लागताच विद्यार्थ्यांना लेखी सूचना देण्यात आली, असं त्यात होतं. बंब तातडीनं बोलावण्यात आला, असंही होतं. मावशींच्या हातांचा उल्लेख नव्हता. गावकऱ्यांचाही नव्हता. मी बडेबाबूंना म्हटलं, नोटीस लागलीच नाही ना? ते म्हणाले, सही झाली आहे, तारीख आहे, मग ती निघाली असंच धरतात.

मी तोही कागद टाइप केला. त्याच्यानंतर जो कागद आला, त्यानं मात्र माझी झोप उडाली. बाबांवर आरोपपत्र होतं. वरिष्ठांचा हुकूम डावलून घंटा वाजवली, विद्यापीठाच्या परीक्षेत व्यत्यय आणला, परिसरात घबराट पसरवली. आरोपपत्र इंग्रजीत, आणि बाबांना मराठीच तेवढी वाचता येई. म्हणून ते त्यांना मराठीत समजावून सांगण्याचं कामही माझ्याकडे आलं. व्हरांड्यात, त्याच रुळाजवळ उभी राहून मी एकेक वाक्य सांगत गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“याच्यात पोरी वाचल्या हे कुटं लिवलं हाये?”

“नाही लिहिलं, बाबा.”

त्यांनी कागदाची घडी केली, टोपीत ठेवली आणि पाणी भरायला गेले. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी चौकशी झाली. संस्थेचे दोन सभासद, त्यातले एक वकील, आणि प्राचार्य. उपप्राचार्यांनी आपलं म्हणणं फार चांगल्या भाषेत मांडलं, नोटीस फलकावर लावली होती असंही सांगितलं. मला फक्त लिहून घ्यायला बसवलं होतं. मुलींना कोणी बोलावलं नव्हतं, पण शेंदूरजनाघाटची ती मुलगी आणि तिच्यासोबत दहा-बारा जणी दारात येऊन उभ्या राहिल्या. शिपाई अडवू लागला. वकील म्हणाले, येऊ द्या एकीला. तिला विचारलं की तुम्हांला सूचना मिळाली होती का.

“आमाले कोनी काई सांगतलं नाई,” ती म्हणाली. “आमाले घंटीनं सांगतलं.”

प्राचार्यांनी तिला कॉलेजातल्यासारखं नीट बोलायला सांगितलं. ती म्हणाली, आमच्या घरी असंच बोलतात, आणि जे झालं तेच सांगून राहिले. मग वकिलांनी नोटीस मागितली. ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं की ही फलकावर लागली होती तर हिला टाचणीची भोकं कशी नाहीत. मी पेन्सिल खाली ठेवली.

मी सांगितलं की नोटीस फलकावर लागली नाही, घंटा सुरू झाली तेव्हा तिच्यावर सहीसुद्धा झाली नव्हती. ती तीन वेळा बदलली, तोवर फोन अकोल्यासाठी राखून ठेवला होता, आणि मी हॉस्टेलवर जाते म्हणाले तेव्हा मला बसायला सांगितलं गेलं. शेवटी मी बसले, हेही सांगितलं. उपप्राचार्य माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते, की जणू टाइपरायटरच बोलायला लागला आहे.

असं सगळं समोर आल्यावर न्याय होईल असं मला वाटलं होतं. वय तसं होतं. बाबांना नोकरीवरून काढलं नाही, ही मोठी मेहरबानी केल्यासारखं सांगण्यात आलं. पण घंटा त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना ग्रंथालयातली धूळ झटकायला लावलं. त्यांची नोकरी तशीच संपली. उपप्राचार्यांना कोणी काही म्हटलं नाही. तो पेपर पुन्हा घेतला गेला आणि पेपर अर्धवट राहिल्याचा मुलांचा राग त्यामुळे बराचसा निवळला. माझी हंगामी जागा जूनमध्ये पुढे चालू ठेवली नाही. कारण लेखी दिलं नाही. तोंडी निरोपाला त्या वेळी मात्र अर्थ होता.

मावशींचे हात भरून यायला पावसाळा उजाडला. बोटं आखडली ती आखडलीच. लाटणं धरता येईना म्हणून त्या तिवशाकडे आपल्या भावाकडे राहायला गेल्या. मी एकदा भेटून आले. त्यांनी मला चहा करून दिला, भांडं दोन्ही मनगटांनी धरून.

पुढे मी अकोल्याला एका शाळेत लागले, नोकरी करता करता बी.ए. झाले आणि शिकवू लागले. चार-पाच वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून तेच उपप्राचार्य आले. आता ते प्राचार्य झाले होते. शिस्त या विषयावर बोलले, चांगलं बोलले. नंतर चहाच्या वेळी त्यांनी मला ओळखलं. आनंदानं ओळखलं. म्हणाले, तुमच्यासारखं स्वच्छ टायपिंग आमच्याकडे पुन्हा कोणाला जमलं नाही.

मी त्यांना विचारलं, “सर, मावशींचे हात पुढे बरे झाले की नाही, तुम्हांला कधी कळलं का?”

“कोणत्या मावशी?” त्यांनी विचारलं.

ते लपवत नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. माझ्या हातात बशी होती, ती मी टेबलावर ठेवली आणि अगदी पहिल्यापासून, वारा फिरल्यापासून, सांगायला सुरुवात केली. आमच्या मुख्याध्यापिका मला खुणा करत होत्या. मी थांबले नाही. पाहुण्यांची गाडी दाराशी लागली, ड्रायव्हर आत येऊन उभा राहिला, तेव्हा सांगता सांगता मी त्या तापलेल्या कडीपर्यंत आले होते. ते उठले नाहीत. मी कडीचंही सांगितलं, आणि मगच त्यांना जायला वाट दिली.